रंगेहाथ पकडू नका

'मुलगा १४ वर्षांचा आहे. दोन महिने झाले, त्याच्या खोलीला थिनरचा वास येतो. रुमालावर डाग पडलेले असतात, नाकातोंडाभोवती पुरळ आलंय. विचारलं की म्हणतो, जलरंगांचा वास आहे. परवा ह्यांनी लाथ मारून दार उघडलं, तर तो जिन्यावरून पळत सुटला. हे मागे धावले, पण सापडला नाही. त्याला रंगेहाथ कसं पकडू?'
– एक आई

ताई, जलरंगांना थिनर लागत नाही, तो नशेसाठी थिनर हुंगतोय, हे तुम्हालाही ठाऊक आहे. पण माझं लक्ष अडकलंय ते त्या जिन्यावर.

थिनर, चिकटवायचं सोल्युशन, लायटरचा गॅस यांची वाफ रक्तात भिनली की हृदय ॲड्रेनॅलिनला नको तितकं हळवं होतं. पोरगा दचकला, धावला की शरीर तेच ॲड्रेनॅलिन सोडतं. एरवी छाती धडधडते आणि शांत होते. इथे ठोक्यांची लय मोडते, हृदय नुसतं थरथरत राहतं, रक्त पुढे ढकलतच नाही. धडधाकट मुलं अशी मिनिटांत जातात, काही तर पहिल्याच वेळी. तुमचा मुलगा त्या दिवशी जिना उतरून जिवंत राहिला, हे नशीब. ह्यांचा राग मला कळतो, पण त्या लाथेचं कौतुक मी करणार नाही.

तेव्हा पकडणं बंद. वास घेताना दिसलाच तर आवाज न चढवता खिडक्या उघडा. काडी पेटवू नका, ही वाफ भडकते. हातातलं हिसकावू नका, हळू आवाजात मागा. त्याला बसवा आणि पूर्ण भानावर येईपर्यंत शेजारून हलू नका. शुद्ध हरपली पण श्वास नीट चालू असेल, तर कुशीवर वळवा, नाहीतर उलटी श्वासनलिकेत जाते, आणि रुग्णवाहिका बोलवा. श्वास थांबला किंवा नुसते आचके येत असतील, तर रुग्णवाहिका बोलावून लगेच छातीच्या मधोमध दाब द्यायला लागा: ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२०, मदत येईपर्यंत. हे तुम्ही दोघांनीही शिकून घ्या.

जाब विचारायचा तो दुसऱ्या दिवशी, डोकं ताळ्यावर असताना. आणि याच आठवड्यात डॉक्टरकडे न्या. जाताना थिनरचा डबा सोबत घ्या, 'अशक्तपणा वाटतो' असलं गुळमुळीत सांगू नका. बऱ्याच थिनरमध्ये टोल्युइन नावाचं रसायन असतं. त्यानं रक्तातलं पोटॅशियम घसरतं आणि हातापायांतलं बळ जातं. काय हुंगलं हे कळलं, तरच डॉक्टर पोटॅशियम, मूत्रपिंडं आणि ईसीजी तपासतील. व्यसनाचे समुपदेशक कोण, तेही त्यांनाच विचारा.

तोवर त्याच्या खोलीकडे ह्यांना फिरकू देऊ नका. तुम्ही जा, आणि आधी दारावर टकटक करा.