इंग्लंडमधल्या विद्यापीठाने कॉपीच्या आरोपावरून सुनावणीला बोलावलंय. सोबत कुणाला नेता येतं का?

हो, बहुतेक ठिकाणी येतं. एकटे जाऊच नका. पत्र घेऊन आधी स्टुडंट्स युनियनच्या सल्ला केंद्रात जा. मदत मोफत असते. माझ्या वेळी तिथल्या बाईंनी माझा खुलासा तीनदा लिहून घेतला, गूगल डॉक्समधले जुने मसुदे तारखांसकट जोडायला लावले. सुनावणीत माझा आवाजच फुटेना, तेव्हा पाच मिनिटं थांबायची विनंती त्यांनीच केली. त्या पाच मिनिटांनी मला सावरलं. प्रश्नांची उत्तरं मात्र सहसा तुम्हालाच द्यावी लागतात, सल्लागार म्हणजे वकील नव्हे.

निकाल पटला नाही तर आधी विद्यापीठातच अपील करा. तेही फेटाळलं तर ‘कम्प्लीशन ऑफ प्रोसीजर्स’ पत्र, म्हणजे विद्यापीठातली प्रक्रिया संपल्याचं पत्र, मिळतं. त्याच्या तारखेपासून १२ महिन्यांत ओआयए या स्वतंत्र तक्रार निवारण संस्थेकडे विनाशुल्क दाद मागता येते.