३५ हजारांच्या पॅकेजचा खरा हिशोब

परभणी जिल्ह्यातला २२ वर्षांचा एक मुलगा मामांसोबत आमच्याकडे समुपदेशनाला आला. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) भर उन्हाळ्यात आत घट्ट बनियन, वर जाड शर्ट आणि खांदे पुढे ओढलेले. पोलीस भरतीची तयारी सुरू होती. १६०० मीटर धावणं जमत होतं, गोळाही लांब जात होता. पण छाती मोजायला शर्ट काढावा लागतो, म्हणून या खेपेला तो मैदानावर गेलाच नाही. आठ महिन्यांत त्याची छाती मुलींसारखी वाढली होती. वैद्यकीय भाषेत याला गायनेकोमॅस्टिया म्हणतात.

मामांनी मोबाईल पुढे केला. "मॅडम, हे क्लिनिकवाले छातीचं ऑपरेशन ३५ हजारांत एका दिवसात करून देतेत म्हनं. सोयाबीनचे पैसे आलेत, भरून टाकावं का? अन् डॉक्टर खरा हाय का नाही, आम्ही कसं वळखावं?"

दिसण्यासाठीचं ऑपरेशन नाकाचं असो, केसांचं की पोटाच्या चरबीचं, पैसे आणि डॉक्टर यांची हीच काळजी घरोघरी असते. या मुलाने व्हॉट्सअ‍ॅपवर दोन फोटो पाठवले आणि तासाभरात दर आला, सोबत 'आज ५ हजार टोकन भरा' असा निरोप. त्याला अजून एकाही डॉक्टरने हात लावून तपासलं नव्हतं. फोटोवरून हा दर ठरूच शकत नाही. स्तनाग्राभोवतालचा भाग अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरला की आत रबरासारखी घट्ट चकती लागते, ती ग्रंथी. नुसतं मऊ लागलं तर ती चरबी. चरबी लायपोसक्शनने, म्हणजे बारीक नळीने ओढून निघते. ग्रंथी मात्र स्तनाग्राच्या काळ्या वर्तुळाच्या कडेने छेद देऊन कापूनच काढावी लागते. कातडी लोंबत असेल तर काम आणखी वाढतं. हे तपासल्याशिवाय सांगितलेला आकडा म्हणजे नुसता अंदाज.

मामांनी आमच्यासमोरच क्लिनिकला स्पीकरवर फोन लावला आणि एकेक बाब विचारत गेले. ३५ हजार फक्त सर्जनचे होते. भूलतज्ज्ञ ८ हजार, ऑपरेशन थिएटर आणि एका रात्रीची खोली ९ हजार. म्हणजे ५२ हजार. सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेवर १८ टक्के जीएसटी लागतो, ते ९,३६० रुपये. तपासण्या साडेतीन हजार, छातीला घालायची दोन प्रेशर जॅकेटं ३ हजार, औषधं अडीच हजार, काढलेली गाठ पॅथॉलॉजीला पाठवायचे दीड हजार. बेरीज ७१,८६०. दवाखान्यागणिक आकडे बदलतील, पण या बाबी बदलत नाहीत. म्हणून दर कागदावर, बाबवार मागायचा. त्यातच एक प्रश्न लिहून घ्यायचा: आत रक्त साचलं किंवा पुन्हा दुरुस्ती लागली, तर पैसे कोण भरणार?

निव्वळ दिसण्यासाठीची शस्त्रक्रिया आरोग्य विम्यात बसत नाही. अपघात, भाजणं किंवा कर्करोगानंतरची पुनर्रचना बसू शकते. तेव्हा विमा कंपनीला आधी लेखी विचारावं.

स्वस्त पॅकेजमध्ये सगळ्यात आधी गळतो तो भूलतज्ज्ञ, आणि आम्हाला खरी भीती याचीच वाटते. झोपेचं इंजेक्शन देऊन सर्जनच एका डोळ्याने मॉनिटर बघणार असेल, तर तिथून उठून यावं.

आता डॉक्टर ओळखायचा कसा. पाटीवर 'कॉस्मेटिक सर्जन' किंवा 'कॉस्मेटॉलॉजिस्ट' असं लिहिलेलं असतं, पण ती प्लास्टिक सर्जरीची पदवी नव्हे. एमबीबीएस, मग एमएस जनरल सर्जरी, त्यानंतर तीन वर्षांचं एमसीएच प्लास्टिक सर्जरी हा नेहमीचा रस्ता. डीएनबी प्लास्टिक सर्जरीही चालते. काही आठवड्यांच्या फेलोशिपचं प्रमाणपत्र भिंतीवर कितीही मोठ्या फ्रेममध्ये असलं तरी त्याची बरोबरी होत नाही. डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक मागून महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर नाव आणि पदव्या जुळवाव्यात. क्रमांक विचारल्याचा राग येत असेल, तर उत्तर तिथेच मिळालं. दवाखान्याचं नर्सिंग होम नोंदणीचं प्रमाणपत्रही बघावं. आणि चाकू कोण चालवणार हे नावासकट विचारावं, कारण तपासणारे एक आणि करणारे दुसरेच, असंही होतं.

मामा चहाला बाहेर गेले तेव्हा मुलगा हळूच बोलला. जिममधल्या ओळखीच्या माणसाने अंग लवकर भरावं म्हणून गोळ्या दिल्या होत्या, त्या अजून चालू होत्या. नाव बघितलं तर स्टेरॉइड, त्यानेही छाती वाढू शकते. त्या व्हॉट्सअ‍ॅपवर कुणी त्याला एका शब्दाने विचारलं नव्हतं. गोळ्या चालू ठेवून ऑपरेशन केलं, तर मागे राहिलेली ग्रंथी पुन्हा वाढू शकते. सगळी ग्रंथी खरवडून काढली, तर स्तनाग्राखाली खड्डा पडतो.

कौन्सिलच्या यादीत नाव तपासून ते एमसीएच झालेल्या सर्जनकडे गेले. त्यांनी चिमटीत धरून बघितलं, वृषणंही तपासली, कारण क्वचित तिथल्या गाठीमुळेही छाती वाढते. टेस्टोस्टेरॉन आणि प्रोलॅक्टिन ही हार्मोन्स, थायरॉइड आणि यकृत यांच्या तपासण्या लिहिल्या. गोळ्या स्वतःच्या मनाने नव्हे, तर फिजिशियनच्या देखरेखीखाली बंद करायला लावल्या. वाढ वर्षाच्या आतली आहे, थोडी ओसरू शकते, तेव्हा तीन महिने थांबू, असं सांगितलं. तंबाखूही सोडायला सांगितलं, निकोटिनमुळे जखम भरायला वेळ लागतो. ऑपरेशन लागलंच, तर चार ते सहा आठवडे जॅकेट घालायचं आणि सहा आठवडे गोळाफेक बंद. मुलाने भरतीचा विचार करून लगेच बोटांवर आठवडे मोजले.

टोकन भरलं गेलं नाही. सोयाबीनच्या पैशांतले तपासण्यांपुरते बाजूला काढून बाकीचे मामांनी बँकेत ठेवले. समुपदेशनाच्या दिवशी आमच्याकडून जाताना मुलाने विचारलं होतं, "मॅडम, गोळ्यांचं घरी सांगावंच लागंल का?" मामांना तरी सांग, असं त्याला सांगितलं. दुसऱ्या दिवशी मामांचा फोन आला. त्याने रात्रीच सांगितलं होतं.