त्रास देत नाहीत, म्हणूनच त्यांच्याकडे बघा

तुम्ही विचारलंय, "आमच्या बंदिस्त मनोरुग्ण विभागात तिघेजण साठीच्या पुढचे आहेत, पण ते काही त्रास देत नाहीत. मग त्यांच्यासाठी वेगळं काय करायचं?" हातून गुन्हा घडलेल्या मनोरुग्णांना ठेवतात अशा बंदिस्त विभागात परिचारिका म्हणून माझी बरीच वर्षं गेली. माझा अनुभव असा, की त्रास न देणारा म्हातारा रुग्णच आपल्या हातून सगळ्यात जास्त राहून जातो. कुलपं, झडती, राउंड हे सगळं धडधाकट तरुण माणूस डोळ्यासमोर ठेवून बसवलेलं असतं. कोपऱ्यात गप्प बसलेल्याकडे वळायला कुणाला फुरसत नसते.

आमच्याकडे सत्तरीला टेकलेले एक आजोबा होते. 'सूचना पाळत नाहीत' असा शेरा त्यांच्या फाइलवर रोज पडायचा. झडतीला हात वर करा म्हटलं तरी ते तसेच उभे. एकदा मी अगदी समोर जाऊन सावकाश सांगितलं. त्यांनी माझ्या ओठांकडे बघितलं आणि लगेच हात वर केले. चौकशी केली तर श्रवणयंत्र भरतीच्या दिवसापासून कपाटात कुलूपबंद! कारण त्यातली बटणासारखी बॅटरी कुणी गिळेल ही भीती. ती खोटी नाही, अशी बॅटरी अडकली तर अन्ननलिका जळते. पण बॅटरीच्या झाकणाला लॉक असलेली यंत्रं मिळतात, शिवाय रात्री मोजून परत घेता येतं. तेवढं केलं आणि शेरा बंद झाला.

न्हाणीघराचंही तेच. गळफासाच्या भीतीने आधाराचे दांडे काढून टाकतात आणि म्हातारं माणूस ओल्या फरशीवर घसरतं. भिंतीला सलग चिकटलेला, खाली फट नसलेला दांडा बसवता येतो. त्याला दोरी बांधता येत नाही, हाताला मात्र आधार मिळतो.

औषधांबाबत मात्र डॉक्टरांच्या मागे लागा. वर्षानुवर्षं चाललेल्या गोळ्या चाळिशीत झेपतात, पासष्टीत तोल घालवतात, उठताना रक्तदाब खाली आणतात. क्लोझापिन हे स्किझोफ्रेनियावरचं औषध घेणाऱ्या रुग्णाला शौचाला झालं का, हे रोज विचारा आणि लिहा. त्या औषधाने आतडं मंदावतं, आणि त्यातून जीव गेल्याची उदाहरणं आहेत. आणखी एक गोष्ट हमखास सुटते. विडी-सिगारेट ओढणारा माणूस वॉर्डात आल्यावर ती बंद झाली, की त्याच डोसवर क्लोझापिनची रक्तातली पातळी वाढते. लिथियम या मनःस्थिती स्थिर ठेवणाऱ्या औषधावर असेल तर मूत्रपिंड आणि थायरॉइडच्या तपासण्या चुकवू नका, पाणी पोटात जातंय ना तेही बघा.

एखादा दोन दिवसांत एकदम बडबडू लागला, माणसं ओळखेना, तर 'जुना आजार उफाळला' म्हणून मोकळं होऊ नका. लघवीचा संसर्ग, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठता, नवीन गोळी, हे आधी शोधा. महिनोन् महिने हळूहळू विसरभोळेपणा वाढत असेल तर स्मृतिभ्रंशाची तपासणी मागा. बंद वॉर्डात तो फार उशिरा कळतो. स्वतः पैसे हाताळायचे नाहीत, रस्ता शोधायचा नाही, मग विसरलेलं दिसणार कुठे?

आणि साठीची वाट बघू नका. तीव्र मानसिक आजार असलेली माणसं इतरांपेक्षा 10 ते 20 वर्षं आधी जातात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पंचावन्नचा माणूस शरीराने कितीतरी पुढे गेलेला असतो.

सुटकेचा प्रश्न मला सगळ्यात जास्त छळतो. माणूस पुढे हिंसा करेल का, हा धोका मोजण्याच्या एचसीआर-20 या पद्धतीत 20 पैकी 10 मुद्दे भूतकाळाचे असतात, ते कधी पुसले जात नाहीत. काठीशिवाय चार पावलं न चालणारा माणूस कागदावर तितकाच धोकादायक दिसतो. स्मृतिभ्रंशात नव्याने चिडचिड, मारहाण होऊ शकते, हे मान्य. पण ती आज समोर बघून ठरवायची. बाहेर आई-वडील उरलेले नसतात, वृद्धाश्रम गुन्ह्याचं नाव ऐकून दार लावतात. म्हणून जागेची शोधाशोध फार आधी सुरू करायची असते.

उद्या ड्युटीवर गेलात की तिघांच्या जवळ बसा. ऐकू येतं का, चष्मा कुठे आहे, शेवटचं पोट कधी साफ झालं, खुर्चीतून उठताना हात कशाला धरतात, एवढं बघून इथे लिहा. पुढचं आपण त्यावरून बोलू.