स्टिअरिंगसाठी रिकॉल आलाय, पण गाडी नीट चालतेय. गणपतीला कोकणात जाऊन आल्यावर दाखवली तर चालेल का?

नाही. आधी गाडी दाखवा, मग कोकणात जा. आणि आधी दाखवणं जमलंच नाही, तर यंदा गाडी घरी ठेवून जा.

तुम्ही लिहिलंय की कंपनीचा रिकॉलचा, म्हणजे सदोष पार्टसाठी गाडी परत बोलावल्याचा, मेसेज येऊन तीन आठवडे झाले, गाडी अडीच वर्षांची आहे, स्टिअरिंगचा काडीचाही त्रास नाही, आणि सर्व्हिस सेंटरवाले गणपतीआधीची तारीख देत नाहीत. घरातली चार माणसं आणि सामान घेऊन कणकवलीपर्यंत जायचंय. यातलं ‘काडीचाही त्रास नाही’ वाचून मला राहवलं नाही, म्हणून लिहायला बसलो. दोन वर्षांपूर्वी मीही हेच म्हणत होतो.

माझी गाडी सेकंडहँड, ठाण्याच्या एका गृहस्थांकडून घेतलेली. रिकॉलचा मेसेज मला आलाच नाही, तो गेला त्यांच्या नंबरवर, आणि गाडी विकून मोकळे झाल्यामुळे त्यांनी तो सोडून दिला. नेहमीच्या सर्व्हिसिंगला गाडी टाकली तेव्हा काउंटरवरच्या मुलाने चेसिस नंबर टाकला आणि म्हणाला, "साहेब, तुमच्या गाडीवर रिकॉल पेंडिंग दाखवतोय. टाय रॉडचा." टाय रॉड म्हणजे स्टिअरिंगचा जोर पुढच्या चाकापर्यंत नेणारा दांडा. तो पार्ट स्टॉकमध्ये नव्हता, चार दिवस लागणार होते. मी म्हटलं, गाडी तर मस्त चालतेय. त्याने वाद घातला नाही, मला आत लिफ्टजवळ नेलं.

मेकॅनिकने पुढचं चाक दोन्ही बाजूंनी धरून जोरात हलवलं. घड्याळात नऊ आणि तीन जिथे असतात, तिथे हात ठेवून. टाय रॉड किंवा त्याचं चाकाकडचं टोक सैल असेल तर असं हलवल्यावर खट्-खट् लागतं. माझ्या गाडीत काही म्हणजे काही लागलं नाही. चार दिवसांनी रॉड बदलला तेव्हा त्याने जुना आणि नवा दोन्ही बाकावर शेजारी ठेवून दाखवले. जुन्यावर धूळ आणि ग्रीस, एवढाच फरक. मी हातात घेऊन फिरवून पाहिले. तो म्हणाला, "दोष नुसत्या डोळ्यांना दिसला असता तर फॅक्टरीतच पकडला असता ना साहेब."

झिजलेला पार्ट आधी बोलतो. गाडी एका बाजूला ओढते, स्टिअरिंग सैल, मोकळं फिरतं, टायर आतल्या कडेने खाल्ला जातो, खड्ड्यात खालून आवाज येतो. तेव्हा आपण गॅरेजला जातो. रिकॉलमधला पार्ट झिजलेला असेलच असं नाही. एखाद्या लॉटचं धातूकाम कमअस्सल निघालं, एखादा बोल्ट हवा तितका आवळला गेला नाही, असलं काहीतरी असतं. तो पार्ट शेवटच्या दिवसापर्यंत गप्प राहू शकतो. म्हणून ‘त्रास नाही’ याचा इथे काहीच उपयोग नाही.

आणि स्टिअरिंगला पर्याय नसतो. ब्रेकच्या लाइनी दोन भागांत असतात, एक गेली तरी दुसरी थोडाफार ब्रेक लावते. टाय रॉड प्रत्येक पुढच्या चाकाला एकच. तुम्ही स्टिअरिंग फिरवता, ते कॉलममधून, म्हणजे स्टिअरिंगखालच्या दांड्यातून, खाली रॅक नावाच्या आडव्या दातेरी पट्टीपर्यंत पोचतं, रॅक डावी-उजवीकडे सरकतो आणि टाय रॉड चाकाला ढकलतो किंवा ओढतो. तो तुटला की ते चाक तुमचं ऐकत नाही. पॉवर स्टिअरिंगची मोटर बंद पडली तर गोष्ट वेगळी, स्टिअरिंग एकदम जड होतं पण चाकं वळतात, जोर लावून गाडी कडेला घेता येते. तेव्हा तुमच्या मेसेजमध्ये नेमका कोणता पार्ट लिहिलाय ते पाहा. टाय रॉड, स्टिअरिंगचा गिअर बॉक्स, कॉलम, शाफ्ट यांपैकी काहीही असेल तर एक दिवसही ढकलू नका.

मुंबईत आपण या पार्टवर किती ताण देतो याची आपल्यालाच कल्पना नसते. सोसायटीत गाडी लावताना जागच्या जागी, गाडी उभी असताना, स्टिअरिंग पूर्ण टोकापर्यंत फिरवतो. टायर फूटपाथला टेकलेला असतानाही फिरवतो. तेव्हा सगळा जोर त्या रॉडवरच येतो. वर पावसाळ्यातले खड्डे. त्यात भरलेली गाडी घेऊन पनवेलपासून पुढे चारशेच्या आसपास किलोमीटर, वडखळ, माणगाव, मग घाट आणि समोरून येणाऱ्या बसगाड्या. तिथे चाकाने दगा दिला तर सावरायला जागाच नाही.

मेसेजमधलं आणखी एक वाक्य शोधा. काही रिकॉलमध्ये फक्त ‘तपासून घ्या’ असतं, काहींमध्ये ‘पार्ट बदलेपर्यंत गाडी चालवू नका’ असतं. ऑगस्ट 2024 मध्ये मारुतीने 2,555 अल्टो के10 गाड्या स्टिअरिंग गिअर बॉक्सच्या संशयावरून परत बोलावल्या, तेव्हा मालकांना पार्ट बदलेपर्यंत गाडी वापरूच नका असं स्पष्ट सांगितलं होतं. त्याआधी जुलै 2023 मध्ये एस-प्रेसो आणि ईको मिळून 87,599 गाड्या टाय रॉडच्या एका भागासाठी बोलावल्या होत्या. माझी गाडी यांतली नाही, कंपनीही वेगळी. सांगायचं इतकंच की हे दरवर्षी कुठल्या ना कुठल्या कंपनीकडून होतं, आणि स्वतःहून बोलावणाऱ्या कंपनीवर चिडण्यापेक्षा तिचं ऐकावं. तुमच्या मेसेजमध्ये ‘चालवू नका’ असेल तर गाडी न्यायला टो व्हॅन पाठवा असं ठणकावून सांगा. स्वतः चालवत नेऊ नका.

आता तारखेचं. गणपतीआधी सगळी सर्व्हिस सेंटरं भरलेली असतात, ते खरं आहे. पण तुम्ही फोनवर ‘सर्व्हिसिंग’ म्हणालात का ‘स्टिअरिंगचा सेफ्टी रिकॉल’ म्हणालात? दोन्हींत फरक पडतो. आरसीवरचा चेसिस नंबर हाताशी ठेवून फोन करा, सतरा अक्षरी असतो. वाचताना घोळ होतो, म्हणून लक्षात ठेवा, त्यात इंग्रजी ओ हे अक्षर कधीच नसतं, गोल दिसलं की ते शून्य. पार्ट आलाय का हे आधी विचारा, नाहीतर दिवस फुकट जातो. एका सेंटरने नाही म्हटलं तर त्याच कंपनीच्या दुसऱ्या अधिकृत सेंटरला विचारा. माझ्या वेळी उपनगरात पार्ट नव्हता, नवी मुंबईत होता, आणि हे मला नंतर कळलं. कुठेच दाद लागली नाही तर कंपनीच्या कस्टमर केअरला ईमेल टाका, फोनवर थांबू नका, लेखी असू द्या. ग्राहक हेल्पलाइन 1915 आहेच. मेसेजमधल्या लिंकवर मात्र टिचकी मारू नका, कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर चेसिस नंबर टाकून खात्री करा.

पैशांचं सांगतो, कारण इथे मला त्रास झाला. रिकॉलचं काम फुकट, पार्टही आणि मजुरीही. माझ्या बिलात मात्र व्हील अलाइनमेंटचे पैसे लावले होते. टाय रॉड बदलला की चाकांचा कोन बदलतो, अलाइनमेंट केल्याशिवाय काम पूर्णच होत नाही, मग ते माझ्या खिशातून का? मी तिथेच उभा राहून मॅनेजरला हे विचारलं, आणि त्यांनी ती ओळ काढून टाकली. तुम्हीही बिल नीट वाचा. जॉब कार्डवर ‘रिकॉल’ हा शब्द आणि बदललेल्या पार्टचा नंबर लिहून घ्या, आणि तो कागद आरसीबरोबर जपून ठेवा. गाडी विकताना कामाला येतो.

कायद्याचं बळ हवं असेल तर ते आहे. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने 110ए हे कलम आलं. दोषामुळे चालकाला, प्रवाशांना किंवा रस्त्यावरच्या इतरांना धोका असेल तर सरकार कंपनीला गाड्या परत बोलवायला लावू शकतं. 1 एप्रिल 2021 पासून याचे नियम लागू आहेत, दंड एक कोटी रुपयांपर्यंत. ‘रस्त्यावरच्या इतरांना’ हे शब्द मला फार महत्त्वाचे वाटतात. तुमचं चाक सुटलं तर समोरून येणाऱ्याचा काय दोष?

आणि तरीही तारीख मिळालीच नाही तर? कोकण रेल्वेच्या जादा गाड्या असतात, एसटीच्या असतात, गावात कुणीतरी जाणारं असतं. मुलांना घेऊन हाल होतील, मान्य आहे. माझ्या बायकोने त्या वर्षी सहा महिन्यांचं बाळ मांडीवर घेऊन चिपळूणपर्यंत एसटीने प्रवास केला. गाडी खाली पार्किंगमध्ये झाकून ठेवली होती, आणि आम्ही दोघांनी मिळूनच तसं ठरवलं होतं.

परत आल्यावर मी आमच्या बिल्डिंगमध्ये त्याच मॉडेलच्या गाड्या कुणाकडे आहेत ते पाहिलं. दोन निघाल्या. एकाचं रिकॉलचं काम झालं होतं. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांना काहीच माहीत नव्हतं, त्यांचा फोन नंबर बदललेला. त्यांच्या आरसीवरून मी चेसिस नंबर टाकला, आणि त्यांच्याही गाडीवर तोच टाय रॉड पेंडिंग दिसला. काका रोज नातवाला त्याच गाडीने शाळेत सोडत होते. दुसऱ्या दिवसापासून ते त्याला रिक्षाने नेऊ लागले, आणि पुढच्या मंगळवारी मी त्यांच्याबरोबर सर्व्हिस सेंटरला जाऊन बसलो.