मदतीचे ट्रक अडतात कुठे?

प्रश्न (वाचक, नाशिक): गाझा लावा नाहीतर सुदान, टीव्हीवर मदतीचे ट्रक आपले लाइनीत उभेच. युद्धात सामान्य माणसाला अन्न-औषध मिळालंच पाहिजे असा कायदा आहे ना? मग यूएन नुसती पत्रकं काढत का बसतं?

उत्तर: कायदा आहे, पण मेख त्याच्यातच आहे. १९४९ चा चौथा जिनिव्हा करार आणि १९७७ चे जादा प्रोटोकॉल (म्हणजे जिनिव्हा करारांना नंतर जोडलेले करार) बघितले तर नागरिकांना उपाशी मारून लढाई जिंकायची नाही, मदत जाऊ द्यायची, हे सगळं लिहिलंय, फक्त सोबत ‘संबंधितांच्या संमतीने’ हेही आहे. आता जो वेढा घालून बसलाय त्याच्याकडेच परवानगी मागायची म्हटल्यावर काय होणार ते सांगायला नको. मनाला येईल तसा नकार देता येत नाही असंही कायदा म्हणतो, म्हणून तर सरळ ‘नाही’ कोणी म्हणतच नाही, ‘यादी पाठवा’, ‘सही राहिलीय’, ‘पुढच्या आठवड्यात बघू’, आपल्याकडे तहसील कचेरीत दाखल्यासाठी चकरा मारायला लावतात ना, अगदी तसंच, फक्त इथे तोवर आतली माणसं मरतात.

सीरियाचं उदाहरण घ्या. राजधानी दमास्कसला खेटून पूर्व घौता नावाचा भाग आहे, तो बंडखोरांच्या ताब्यात होता, तिथे २०१३ पासून सरकारी फौजांचा वेढा होता आणि आत यूएनच्या अंदाजाने ४ लाखांच्या आसपास लोक. ५ मार्च २०१८ ला ४६ ट्रकांचा ताफा तिथल्या दूमा शहरात जायला निघाला, परवानगी रीतसर घेतलेली. पण निघायच्या आधी सरकारी माणसांनी पेट्या उघडून ट्रॉमा किट (जखमींवर तातडीच्या उपचारांचं सामान), ऑपरेशनचं सामान, डायलिसिसचं साहित्य, इन्सुलिन असं सगळं बाजूला काढलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अधिकाऱ्याने तेव्हा सांगितलं होतं की वैद्यकीय सामानातलं जवळपास ७० टक्के काढून घेतलं. (इन्सुलिन टोचून कोणी बंदूक चालवतं का हो?) ऑपरेशनचं सामान अडवायचं कारण उघड आहे, जखमी बरा झाला तर परत लढेल. पण जखमी सैनिकालाही उपचार मिळालेच पाहिजेत हा तर जिनिव्हा करारांचा अगदी पहिला धडा. त्यात ताफा आत असतानाच बॉम्ब पडायला लागले आणि काही ट्रक पूर्ण रिकामे न करताच परत फिरले. कागदावर मात्र नोंद काय, तर मदत पोचली. म्हणून ‘इतके ट्रक गेले’ अशी बातमी आली की मी पहिल्यांदा हे शोधतो की त्यातून उतरवलं काय काय.

हे असं होणार म्हणूनच २०१४ च्या जुलैमध्ये सुरक्षा परिषदेने ठराव २१६५ केला होता. तुर्कस्तान, इराक, जॉर्डनच्या सीमांवरची चार नाकी ठरवून दिली, तिथून मदत न्यायला दमास्कसला, म्हणजे सीरियाच्या सरकारला, नुसतं कळवायचं, विचारायचं नाही. हत्यारं जातायत अशी ओरड नको म्हणून यूएनची माणसं सीमेअलीकडे ट्रक तपासायची. चांगलं चाललं होतं, पण ठराव दर वेळी मुदत वाढवून घ्यायचा आणि रशियाच्या हातात व्हेटो, म्हणजे एकट्याने ठराव पाडायचा हक्क, त्यामुळे जानेवारी २०२० मध्ये चाराची दोन झाली, जुलैत एकच उरलं, तुर्कस्तानच्या सीमेवरचं बाब अल-हवा. बंडखोरांच्या ताब्यातल्या वायव्य सीरियातल्या ४० लाखांवर लोकांसाठी एक नाकं!

आणि मग ६ फेब्रुवारी २०२३ चा तुर्कस्तान-सीरियातला भूकंप. आपली एनडीआरएफची टीम तुर्कस्तानात पोचून ढिगारे उपसायला लागली, आणि तिथून जवळच सीमेपलीकडे यूएनचा पहिला ताफा ९ तारखेला गेला, तोही सहा ट्रकांचा. रस्ते खचले होते हे खरं, पण बाकीची नाकी उघडायला दमास्कसचा होकार यायला १३ तारीख उजाडली. ढिगाऱ्याखालचा माणूस आठवडाभर थांबतो होय? यूएनच्या मदतकार्याचे प्रमुख मार्टिन ग्रिफिथ्स यांनी आम्ही या लोकांना निराश केलं असं तेव्हाच कबूल केलं. एवढं होऊनही जुलै २०२३ मध्ये रशियाने मुदतवाढीवर व्हेटो टाकला तो टाकलाच.

प्रश्न (वाचक, सांगली): आमच्या सोसायटीत जुने कपडे, गहू-तांदूळ गोळा करून युद्धग्रस्तांना पाठवायचा विचार आहे. कुठे द्यावे?

उत्तर: भावना चांगली आहे पण नका पाठवू. वर वाचलंत ना, एकेक पेटी उघडून बघतात, त्यात तुमच्या मिसळलेल्या पोत्यांची यादी कोण करणार? एखाद्या खात्रीच्या संस्थेला पैसे द्या, ते जवळच्या बाजारातून हवं तेच घेतात आणि स्वस्तात पडतं.

प्रश्न (वाचक, ठाणे): भारत या करारांत आहे का? आणि कोणी ते मोडले तर मी कोर्टात जाऊ शकतो का?

उत्तर: १९४९ च्या चारही करारांत आहे आणि त्यासाठी १९६० चा आपला स्वतंत्र कायदाही आहे. १९७७ च्या दोन प्रोटोकॉलमध्ये मात्र आपण नाही. १९६० च्या कायद्यात शिक्षा कडक आहेत, संरक्षित व्यक्तीला (म्हणजे जखमी, युद्धकैदी, नागरिक अशा करारांनी संरक्षण दिलेल्या माणसाला) मुद्दाम ठार मारलं तर फाशी किंवा जन्मठेप, इतर गंभीर भंगांसाठी १४ वर्षांपर्यंत कैद. पण तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असंच आहे, कारण कलम १७ प्रमाणे या कायद्याखाली फक्त सरकार किंवा सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याची तक्रार असेल तरच कोर्ट दखल घेतं.