आमच्या सरांचं ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेलं संगीत त्यांच्यामागेही वाजत राहावं, यासाठी काय करावं?

तुम्ही लिहिलंय की सरांचं वय झालंय, काही रचना हस्तलिखितात आहेत, काही कॉम्प्युटरवर, आणि रेकॉर्डिंग यूट्यूबवर टाकण्यापलीकडे काही सुचत नाहीये. रेकॉर्डिंग जरूर टाका, पण सुरुवात तिथून करू नका. मी ऑर्केस्ट्रासाठी पार्ट तयार करण्याचं काम करतो. माझं ठाम मत आहे की हे संगीत जगतं ते पार्टवर, म्हणजे प्रत्येक वादकाच्या स्टँडवर त्याच्यापुरती जी प्रत असते तिच्यावर. रेकॉर्डिंग ऐकून एखाद्या कंडक्टरला रचना आवडली, की त्याचा पुढचा प्रश्न असतो, "मटेरियल कुठे मिळेल?" म्हणजे वाजवायला लागणारे छापील कागद. तिथे आठवडाभर शोधाशोध झाली की त्या कार्यक्रमात दुसरंच काहीतरी लागतं.

म्हणून आधी एकेका रचनेचे सगळे पार्ट बाहेर काढा आणि सरांच्या शेजारी बसून स्कोअरशी, म्हणजे सगळ्या वाद्यांचं स्वरलेखन एकत्र असलेल्या कंडक्टरच्या प्रतीशी, ताडून पाहा. पहिल्या सादरीकरणाच्या रिहर्सलमध्ये सरांनी बासून या फुंकवाद्याचा एखादा स्वर बदललेला असतो. वादक तो पेन्सिलीने आपल्या पार्टमध्ये लिहितो, स्कोअरमध्ये जुनाच राहतो. दोन्हींतला खरा कोणता, हे आज फक्त सर सांगू शकतात. त्यांचा निर्णय बार (स्वरलेखनातला तालाचा एक खण) क्रमांक आणि तारखेसह लिहून ठेवा. काम कंटाळवाणं आहे, वेळखाऊ आहे, पण सरांनंतर ते कुणालाच करता येणार नाही. बाकीचं सगळं नंतरही होईल.

ताडताना पान उलटायच्या जागाही बघा. तंतुवाद्यांत दोघे एका स्टँडवर वाजवतात. व्हायोलाच्या (व्हायोलिनपेक्षा थोडं मोठं वाद्य) पार्टमध्ये वाजवणं चालू असतानाच पान उलटावं लागलं, तर तेवढा वेळ निम्मा विभाग गप्प होतो. वादक अशा प्रती लक्षात ठेवतात, आणि चांगल्या अर्थाने नाही.

कॉम्प्युटरवरच्या फाइल्सचं काम लगेच हातात घ्या. फिनाले हे १९८८ पासूनचं स्वरलेखनाचं सॉफ्टवेअर ऑगस्ट २०२४ मध्ये बंद झालं. सरांच्या फाइल्स त्यात असतील तर ते कॉम्प्युटरवर चालतंय तोवर प्रत्येक रचनेची एक पीडीएफ आणि एक म्युझिकएक्सएमएल (दुसऱ्या स्वरलेखन सॉफ्टवेअरमध्येही उघडणारी फाइल) प्रत काढा आणि दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा.

हे राहून गेलं तर काय होतं? अमेरिकन संगीतकार ज्युलियस ईस्टमन यांना १९८० च्या दशकात घर सोडावं लागलं आणि कितीतरी स्वरलेखन गहाळ झालं. १९९० मध्ये ते गेले. पुढे मेरी जेन लीच या संगीतकार बाईंनी वर्षानुवर्षं ओळखीपाळखीच्या लोकांकडून टेप आणि कागद गोळा केले, तेव्हा कुठे २००५ मध्ये तीन सीडींचा संच निघाला. ईस्टमन यांची १९८३ ची सिंफनी प्रथम वाजली ती २०१८ मध्ये. अमेरिकन संगीतकार फ्लोरेन्स प्राइस यांची हस्तलिखितं तर २००९ मध्ये इलिनॉयमधल्या एका पडक्या घरात सापडली. ही दोघं नशिबानेच परत मिळाली.

हक्कांचं सरांच्या हयातीतच लेखी करून घ्या. भारतात संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट राहतो, युरोपात ७०. इतकी वर्षं परवानगी कोण देणार, ते एकच नाव मृत्युपत्रात हवं. चार वारसांच्या सह्या गोळा करत बसायला कोणत्याही ऑर्केस्ट्राला वेळ नसतो.

राहिला प्रसार. नवी रचना पहिल्यांदा वाजवायला लोक उत्सुक असतात. खरी अडचण दुसऱ्या वेळची. तेव्हा सगळी यादी पाठवू नका. आठ-दहा मिनिटांची, नेहमीच्या वाद्यसंचात बसणारी एकच रचना निवडा. सोबत कालावधी, कोणती वाद्यं किती, स्कोअरची पीडीएफ आणि रेकॉर्डिंगची लिंक एका पानावर द्या. आधी संगीत महाविद्यालयांच्या आणि तरुणांच्या ऑर्केस्ट्रांकडे जा. त्यांच्याकडे रिहर्सलला जास्त वेळ असतो, आणि तिथले कंडक्टर पुढे मोठ्या ऑर्केस्ट्रांत जातात तेव्हा आवडलेल्या रचना सोबत नेतात. वाजवून झालं की पार्ट परत मागवा आणि वादकांनी पेन्सिलीने केलेल्या खुणा वाचा. नवी चूक सापडली तर मूळ फाइलमध्ये त्याच आठवड्यात दुरुस्त करा.