प्रश्न तुमचे: पुंगळी अडकते

प्रश्न: टेक्सासमध्ये राहतो. .२२ सेमी-ऑटोमॅटिक रायफलीत आवाज कमी व्हावा म्हणून सबसॉनिक (ध्वनीपेक्षा मंद) गोळ्या वापरतो, पण रिकामी पुंगळी बोल्टमध्ये (नळीचं मागचं तोंड बंद करणारा, मागेपुढे सरकणारा भाग) अडकते. रायफल बिघडली का?

उत्तर: बहुधा नाही. या रायफलीत पुंगळीचा मागचा धक्काच बोल्ट ढकलतो. मंद गोळीचा धक्का अपुरा पडला की बोल्ट अर्ध्यातून परततो. ४० ग्रेन (सुमारे २.६ ग्रॅम) वजनाची, सेकंदाला १०७० फुटांच्या आसपासची स्टँडर्ड व्हेलॉसिटी गोळी घ्या. २० अंश सेल्सियसला ध्वनीचा वेग सुमारे ११२५ फूट, म्हणजे गोळी त्याहून मंद राहून हवेतला 'चट्' टळतो. गोठत्या थंडीत मात्र ध्वनीचा वेग १०८७ वर येतो, फरक निसटताच उरतो. मॅगझिन काढा, चेंबर (गोळी बसते तो कप्पा) रिकामं बघा, मग एक्स्ट्रॅक्टरच्या (पुंगळी ओढून काढणाऱ्या आकड्याच्या) नखाखालची मेण-काजळी जुन्या टूथब्रशने खरवडा. खरा चोर तिथेच असतो! तेल थेंबभरच. नळीच्या तोंडचा आवाज उरतोच, कानांवर मफ हवेत.